सूर्यनगरीतील रात्र

१ जानेवारी १९६० या दिवशी ॲरिझोनातील फीनिक्स शहराच्या वायव्येला, कापसाच्या जुन्या शेतांच्या जागी, पाच नमुनाघरे लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. घरांबरोबर गोल्फचे मैदान, पोहण्याचा तलाव, दुकाने आणि करमणूक केंद्रही तयार होते. तिथे पूर्वी मॅरिनेट नावाची एक लहानशी शेतवस्ती होती. ती पुसली गेली आणि ‘सन सिटी’ उभी राहिली. पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसे ती पाहून गेली असे सांगतात. निवृत्तांसाठी स्वतंत्र गाव ही कल्पना अगदी नवी नव्हती. शेजारीच १९५४ साली यंगटाउन वसले होते. पण त्या कल्पनेचा धंदा करून दाखवला तो डेल वेब या बांधकाम कंत्राटदाराने. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. तोवर वाळवंटातले म्हातारपण ही अमेरिकन मध्यमवर्गाने हप्त्याहप्त्याने विकत घ्यायची वस्तू झाली होती.

विकले काय जात होते ते नावातच आहे. शिकागोच्या किंवा मिनेसोटाच्या हिवाळ्यात चाळीस वर्षे बर्फ उपसलेल्या माणसाला सूर्य विकणे अवघड नव्हते. जाहिरातींतली माणसे नेहमी उन्हात असत. हातात गोल्फची काठी, पाठीमागे हिरवळ, वर ढगाचा ठिपका नसलेले निळे आकाश. त्या चित्रांत संध्याकाळ झालीच तर ती नृत्याच्या दिवाणखान्यात होई. रात्रीचे काय, हा प्रश्न विक्रेत्याने काढला नाही आणि गिऱ्हाइकानेही विचारला नाही. मला वाटते, या वसाहतींबद्दल जी असंख्य टीका झाली (कृत्रिमपणा, पाण्याची उधळपट्टी, एकसुरी घरे) तिच्यातही रात्र जवळजवळ नाहीच. खरे तर वाळवंटाकडे मुळातून स्वतःचे असे काही असेल, तर ती तिथली रात्र. हिरवळ आणावी लागते, पाणी कालव्याने आणावे लागते, घरातला गारवा यंत्राने आणावा लागतो. ताऱ्यांनी भरलेले आकाश तेवढे कुणाला आणावे लागत नाही. ते फक्त घालवता येते.

गंमत अशी की त्याच वर्षांत त्याच वाळवंटाकडे आणखी एक जमात निघाली होती आणि तिला नेमकी ही रात्रच हवी होती. १९५८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वेधशाळेसाठी टूसॉनच्या नैर्ऋत्येचे किट पीक हे शिखर निवडले गेले. डोंगर तोहोनो ओओधाम या आदिवासींच्या भूमीतला आणि त्यांच्या दृष्टीने पवित्र. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना विद्यापीठाच्या दुर्बिणीतून चंद्र दाखवण्यात आला आणि मग भाडेपट्ट्याला संमती मिळाली. खगोलशास्त्रज्ञांना त्यांनी ‘लांब डोळ्यांची माणसे’ असे नाव दिले. (पुढचा इतिहास इतका गोड नाही. २००५ मध्ये त्याच डोंगराच्या कुशीत नवा दुर्बीणसंच उभारण्याविरुद्ध ओओधाम न्यायालयात गेले आणि तो संच अखेर दुसरीकडे, माउंट हॉपकिन्सच्या पायथ्याशी, कार्यरत झाला.) म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने दोन प्रकारची माणसे एकाच कोरड्या, निरभ्र हवेच्या ओढीने इथे आली. एकांनी तिच्यातून दिवस घेतला, दुसऱ्यांनी रात्र. शास्त्रज्ञांनी आपल्या वाट्यासाठी लगेच भांडायला सुरुवात केली. निवृत्तांना मात्र आपल्या वाट्याला रात्रही आली आहे याची कल्पनाच नव्हती.

डेल वेबकडून ती येण्याची शक्यताही नव्हती. लास व्हेगासचे ‘फ्लेमिंगो’ हे झगमगते हॉटेल बांधणारा कंत्राटदार तोच. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकनांना डांबण्यासाठी ॲरिझोनाच्या वाळवंटात पोस्टनची छावणी उभारली गेली, तीही त्याच्याच कंपनीने. एकाच हाताने बांधलेल्या या तीन वस्त्या मला शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. तिन्हींना वाळवंट म्हणजे मोकळी पाटी. तिथे आधी काही होते हे मान्य करण्याची गरज नाही. त्यात अंधार हा तर सर्वांत मोकळा, भरून काढण्याजोगा. पुढे सन सिटीची भावंडे जन्मली. १९७८ मध्ये सन सिटी वेस्ट आली, ऐंशीच्या दशकाअखेरीस थेट लास व्हेगासच्या कडेला सन सिटी समरलिन. तिथल्या रहिवाशाला पूर्वेच्या क्षितिजावर पहाट होण्याची वाट पाहावी लागत नाही; ती रात्रभर असतेच.

सन सिटीचे रस्ते वरून पाहिले तर एकात एक वर्तुळे काढल्यासारखे दिसतात. फीनिक्सचे केंद्र तिथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर. १९६० मध्ये या दोहोंमध्ये शेते होती. आज तिथे सलग नगर आहे आणि महानगराची लोकवस्ती पन्नास लाखांच्या घरात. शहराच्या दिव्यांचा जो उजेड वर जातो तो हवेतल्या रेणूंवर आणि धुळीवर आपटून खाली परततो आणि शहरावर घुमटासारखा बसतो. निळसर उजेड अधिक विखुरतो, म्हणून पांढरेशुभ्र एलईडी दिवे वीज वाचवतात पण आकाश अधिक बिघडवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम उजेडाच्या जागतिक नकाशानुसार उत्तर अमेरिकेतल्या जवळजवळ ऐंशी टक्के माणसांना घरून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून, २०११ ते २०२२ या काळात रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेल्याचे आढळले. या वेगाने आठएक वर्षांत उजेड दुप्पट होतो. पंचावन्नाव्या वर्षी वाळवंटात येऊन ऐंशीपर्यंत जगणाऱ्या माणसाच्या वाट्याला असे तीन दुपटीचे टप्पे येतात.

यावर एक उत्तर ठरलेले आहे आणि ते ऐकायला इतके सहृदय वाटते की सहसा कुणी त्याला आव्हान देत नाही. म्हाताऱ्या माणसांना उजेड लागतो. पाय अडखळतो, पायरी दिसत नाही, चोराचिलटाची भीती असते; तेव्हा ताऱ्यांची हौस तरुणांनी करावी, म्हाताऱ्यांच्या दारात दिवा हवा. या युक्तिवादातला पहिला भाग खरा आहे. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते. तरुणपणी अंधारात ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात पाचच्याही खाली राहते. नेत्रभिंग पिवळट होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने एक-तृतीयांश एवढाच उजेड पोचतो असे मानले जाते. तेव्हा अधिक उजेड द्या, असे वरवर पाहता निघते.

पण डोळा म्हणजे घागर नव्हे, की कमी भरते म्हणून जास्त ओतावे. तेच वयस्क नेत्रभिंग उजेड विखरूही लागते. समोरून उघडा, झगझगीत दिवा आला की डोळ्यात धुक्यासारखा पडदा उभा राहतो आणि त्या पडद्याआड पायरी, दगड, साप, सगळेच नाहीसे होते. त्यात अंधाराला सरावायला तरुण डोळ्यालाही वीस-तीस मिनिटे लागतात. म्हाताऱ्याला त्याहून अधिक. म्हणजे अंगणातला एक बिनझाकणाचा दिवा नजरेला लागला की पुढची कितीतरी पावले आंधळी पडतात. भिंतीवरच्या अशा दिव्याचा बराचसा उजेड जमिनीवर न पडता शेजाऱ्याच्या खिडकीत आणि आकाशात जातो. पायरीसाठी त्यातला थोडाच उरतो. ज्याच्या नावाने हा दिवा लावला जातो, त्यालाच त्याचा त्रास सर्वांत जास्त. आकाश वाचवण्यासाठी जो दिवा सुचवला जातो, तो मंद, पिवळसर, वरून झाकलेला आणि नेमका पायाखाली पडणारा असतो. वयस्क डोळ्यालाही तसाच दिवा हवा असतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांवरचे एलईडी दिवे झाकलेले आणि ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे असावेत असे सुचवले, ते खगोलशास्त्रज्ञांच्या प्रेमाखातर नव्हे. डोळे दिपणे आणि झोप बिघडणे ही त्यामागची कारणे होती.

आणि झोप हा तर म्हातारपणाचा जिव्हाळ्याचा विषय! ती तुकड्यातुकड्यांनी येते, तीनला मोडते, मग माणूस उठून खिडकीशी बसतो. तरुणाला रात्र म्हणजे झोपेचे भोक. वृद्धाला ती जागेपणी काढावी लागते. शिवाय या वाळवंटात आता रात्रीला आणखी एक महत्त्व आले आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्यावर राहिला. त्या वर्षी एकट्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी निगडित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. ज्या सूर्याच्या नावाने गाव वसले, त्याच्यापासून लपण्यात निवृत्तांचे वर्षाचे चार महिने जातात. फिरायला जायचे ते पहाटे चारला, कुत्र्याला न्यायचे ते अंधार पडल्यावर. दिवस बंद खोलीत आणि आयुष्य रात्री, अशी उलटापालट झालेली असताना रात्र कशी आहे हा प्रश्न हौशी मंडळींवर सोपवून चालणार नाही.

मराठी वाचकाला या जागी दोन गोष्टी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. एक, सहस्रचंद्रदर्शन. एक हजार पौर्णिमा पाहिलेल्या, एक्क्याऐंशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाचा आपण सोहळा करतो. म्हणजे दीर्घायुष्य मोजायचे माप आपण आकाशातून घेतले आहे. दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मृत्यूची पूर्वचिन्हे सांगताना, ज्याला अरुंधती, ध्रुव आणि आकाशगंगा दिसेनाशी होते तो गतायुषी समजावा असे म्हटले आहे. त्यामागे वैद्यकाचे साधे निरीक्षण असावे. आकाश तेच राहते, तेव्हा दिसणे बंद झाले तर दोष पाहणाऱ्यात. सुश्रुताला हे गृहीत धरता आले. फीनिक्समध्ये चंद्र दिसतो, ध्रुवही दिसतो, अरुंधतीसाठी डोळे ताणावे लागतात आणि आकाशगंगा नाहीच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या माणसाला स्वच्छ कृत्रिम भिंगातून निळसर तारे पुन्हा उजळलेले दिसू शकतात, ही त्या शस्त्रक्रियेची एक दुर्लक्षित देणगी आहे. सन सिटीत असे डोळे हजारोंनी असतील. डोळा दुरुस्त झाला, आता आकाश आजारी आहे.

पण या वसाहतींतल्या रात्रीत मला उजेडापेक्षाही जास्त खटकते ती दुसरी उणीव. तिथे मुले नाहीत. ती असू नयेत अशीच व्यवस्था आहे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण कायद्याने मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास बंदी केली, पण अशा वसाहतींना अपवाद ठेवला. निदान ऐंशी टक्के घरांत पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाचा एकजण राहत असेल, तर बाकीच्यांना वयाची अट घालता येते. साठ-सत्तरच्या दशकांत सन सिटीतल्या मतदारांनी पिओरिया शाळा-जिल्ह्याचे कर्जरोख्यांचे प्रस्ताव एकामागून एक पाडले. शेवटी सन सिटीच त्या जिल्ह्यातून बाहेर पडली आणि दोन्ही बाजूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. यंगटाउनमध्ये नव्वदच्या दशकात आजी-आजोबांकडे राहायला आलेल्या एका किशोरवयीन नातवावरून वाद पेटला आणि त्यात त्या गावाचा वयाचा नियमच गेला. मुलाकडे सहा महिने राहायला अमेरिकेत येणाऱ्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना हे सगळे ऐकून धक्का बसतो. त्यांची तर येण्याची सबबच नातवंड असते.

मी या निवृत्तांना स्वार्थी म्हणणार नाही. चाळीस वर्षे दुसऱ्यांची मुले शिकवलेल्या बाईला उरलेली वर्षे मुलांच्या गलबल्याबाहेर काढावीशी वाटली तर तो तिचा हक्क आहे. पण आकाश ही वस्तू दाखवण्यातून टिकते. सप्तर्षींतला वसिष्ठ कोणता आणि त्याला चिकटलेली अरुंधती कोणती, हे पुस्तकात वाचून कुणाला सापडत नाही. कुणीतरी अंगणात खांदा धरून, बोट करून दाखवावे लागते. हे काम बहुतेक समाजांत म्हाताऱ्यांकडे असे, कारण त्यांना वेळ असे आणि झोप नसे. नियोजनकारांनी दाखवणारा एका गावात ठेवला, पाहणारा दुसऱ्या गावात, आणि दोन्ही गावांवर उजेडाचा घुमट घातला. आकाश नाहीसे झाले तेव्हा आरडाओरडा झाला नाही, त्याचे एक कारण हे असावे. ज्याने पाहिलेच नाही तो तक्रार कशी करणार, आणि ज्याने पाहिले आहे त्याचे ऐकायला घरात कुणी नाही.

अंधारासाठीच मुद्दाम वसवलेली वसाहतही ॲरिझोनात आहे. चिरिकाव्हा डोंगरांच्या पायथ्याशी, पोर्टल गावाजवळ, ‘ॲरिझोना स्काय व्हिलेज’ या नावाने ती या शतकाच्या आरंभी आकाराला आली. कॅनडाचे ख्यातनाम हौशी खगोलछायाचित्रकार जॅक न्यूटन हे तिच्या संस्थापकांपैकी एक. तिथे बाहेर उजेड सांडू द्यायचा नाही हा नियम आहे आणि अनेक घरांना स्वतःची वेधशाळा आहे. वाचून मोह पडतो. पण टूसॉनची मोठी रुग्णालये तिथून अडीच तासांच्या मोटारवाटेवर आहेत. छातीत कळ आली तर आकाशगंगा कामाची नाही. म्हणून पोर्टल हे मला उत्तर वाटत नाही. तो धडधाकट आणि सुखवस्तू माणसांचा छंद आहे. आणि अंधार हवा असेल तर माणसांपासून दूर जा, हा जुनाच समज त्याने पक्का होतो.

उत्तर शोधायचे तर ते ग्रीन व्हॅलीत शोधावे. टूसॉनच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर साठच्या दशकात वसलेली ही निवृत्तांचीच वसाहत. दुकाने, दवाखाने, गोल्फ, सगळे नेहमीचे. पश्चिमेला तांब्याच्या खाणी, पूर्वेला सांता रिटा पर्वत आणि त्यातल्या माउंट हॉपकिन्सवर साडेसहा मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण. १९७२ मध्ये टूसॉन शहर आणि पिमा काउंटी यांनी, मुख्यतः खगोलशास्त्रज्ञांच्या आग्रहावरून, बाहेरच्या दिव्यांबद्दल नियम केले. ग्रीन व्हॅली त्या काउंटीत असल्यामुळे ते तिलाही लागू झाले. म्हणजे इथल्या निवृत्तांची रात्र शेजाऱ्यांच्या भांडणातून, आयतीच सुधारली. फीनिक्सच्या ईशान्येचे फाउंटन हिल्स मात्र स्वतः उठले. तेही सत्तरच्या दशकातले नियोजित गाव, रहिवाशांत उतारवयाची माणसे पुष्कळ. तिथल्या नागरिकांनी पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये गावाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ समुदायाचा दर्जा मिळाला. मध्ये मॅकडॉवेल डोंगर आडवा आहे म्हणून फीनिक्सचा उजेड थोडा अडतो, हे खरे. पण डोंगर असलेली सगळीच गावे असे करत नाहीत.

चोरांच्या भीतीचे काय? इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या माहितीवरून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रस्त्यांवरचे दिवे मंद केल्याने किंवा काही तास बंद ठेवल्याने गुन्हे अथवा अपघात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. भीती खरी असते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. पण तिचे औषध आकाशाकडे रोखलेला दिवा आहे असे मानायला आधार नाही.

टूसॉननेच आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखवून दिली. २०१९ मध्ये शहराने काही रात्री आपले रस्त्यावरचे दिवे मुद्दाम कमी-जास्त केले आणि संशोधकांनी ते उपग्रहावरून मोजले. वरून दिसणाऱ्या उजेडात रस्त्यावरच्या दिव्यांचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी निघाला. उरलेला सगळा दुकानांचा, वाहनतळांचा, मैदानांचा, फलकांचा आणि घरांचा. म्हणजे नगरपालिकेला दोष देऊन मोकळे होण्याची सोय उरत नाही. पण निवृत्तांच्या वसाहतींना ही बातमी चांगली आहे, कारण खासगी मालमत्तेवर नियम घालण्यात त्यांचा हात धरणारे जगात कुणी नाही. त्यांच्या रहिवासी संघांचे नियम छपराच्या रंगापर्यंत, अंगणातल्या खडीपर्यंत, कचऱ्याचा डबा किती वाजता बाहेर ठेवायचा इथपर्यंत जातात. नातवाने किती दिवस राहायचे हेही ते ठरवतात. तेव्हा दाराबाहेरच्या दिव्याला टोपी हवी, तो पिवळसर हवा आणि माणसाची हालचाल जाणवली तरच लागावा, एवढी भर त्यांना जड जाऊ नये. असा दिवा फीनिक्समधल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.